अक्षरावरची काडी

८ सप्टेंबर, सोमवार

ही वही माझी नाही, आफराची आहे. तिच्या मोबाईलवरच्या क्लासात पुण्याच्या सलिल सरांनी सांगितलं की रोज चार ओळी स्पॅनिशमध्ये दैनंदिनी लिहा. लगेच बाईसाहेबांना दोनशे पानी वही हवी झाली. पहिल्या पानावर फुलं काढून स्वतःचं नाव लिहिलं, खाली दोन ओळी खरडल्या आणि झालं. आज वही तांदळाच्या डब्यामागे सापडली. कोरी पानं फुकट घालवणं माझ्याच्यानं होत नाही. म्हणून मी, शहरबानू, वय चव्वेचाळीस, दहावी पास, राहणार बोर्ली पंचतन, लिहायला बसले आहे. स्पॅनिश मला येत नाही. मी मराठीत लिहीन, ज्याला वाचायचंय त्यानं वाचावं.

आफराचं नर्सिंग झालं. आता तिला स्पेनला जायचंय, तिथल्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला. वाशीला एक संस्था आहे, ती क्लास घेते, परीक्षा घेते आणि पास झालेल्यांना पाठवते. परीक्षा नोव्हेंबरात आहे. पोरीचे अब्बा एकवीस वर्षं कुवेतला आहेत, आता ही स्पेनला. आमच्या घराला नकाशातलं जवळचं काही आवडतच नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

तिचं पाठांतर घ्यायचं काम माझ्याकडे आलं. लहानपणी पाढे घ्यायचे तसंच. मी सुपारी सोलत बसते, पुस्तक मांडीवर, ती समोर भाकऱ्या थापते आणि म्हणते.

सर म्हणाले, क्रियापदं दोन जातींची. सरळ आणि वाकडी. वाकडी नंतर. सुरुवातीला एक सरळ घ्या आणि त्याला सगळ्या काळांतून फिरवून आणा, म्हणजे बाकीची आपोआप येतात. आम्हाला आलं regresar, रेग्रेसार. म्हणजे परत येणं. काय पण शब्द निघाला आमच्या नशिबी!

Regreso, मी परत येते. Regresas, तू परत येतेस. Regresa, तो येतो. ती येते, तरी regresa. बाई असो की बाप्या, ह्यांना फरक नाही. मी म्हटलं, मग कोण आलं ते कळतं कसं? आफरा म्हणाली, "अम्मी, ज्याची वाट बघत असतो तोच आला असं समजायचं." फार शहाणी आहे.

पुढचं पान उलटलं तर तिथे pagar! पैसे देणे. मी ओरडलेच. जन्मभर पगार, पगार करतो आपण आणि ते क्रियापद निघावं? आफरा म्हणाली, पोर्तुगीज लोक ठेवून गेले असतील. आमच्या किनाऱ्यावर लोक काय काय ठेवून जातात!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज तिला टाकून बोलले, आता वाईट वाटतंय. श्रीवर्धनला काम होतं, पाठीला बॅग अडकवली आणि उंबऱ्यातून म्हणाली, "अम्मी, मी जाते."

ह्या घरात 'जाते' म्हणायचं नाही. माझ्या आईकडे नव्हतं, सासरी नव्हतं. घर सोडताना माणूस 'येते' म्हणतं. मी तिला परत आत बोलावलं, पाणी प्यायला लावलं, पुन्हा बाहेर पाठवलं. "येते," म्हणाली तेव्हा कुठे सोडली. यष्टी चुकली तिची.

संध्याकाळी तिनं सरांना विचारलं, स्पॅनिश माणूस घरातून निघताना काय म्हणतो? सर म्हणाले, me voy. म्हणजे 'मी जातो'. तौबा! सरळ जातो म्हणतात तोंडावर! शेवटी आम्ही दोघींनी ठरवलं, बाकीचं स्पेन काय म्हणायचं ते म्हणो, आमच्या घरची स्पॅनिश निघताना regreso म्हणेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार

भूतकाळ सुरू झाला आणि माझी फजिती झाली.

हल्ली क्लासच्या वेळी मीही आफराच्या बाजूला बसते. सरांची काही हरकत नाही. मध्येच दूध उतू जाण्याचा वास आला. आफरा म्हणाली, सांगून उठ, स्पॅनिशमध्ये सांग. मी आपली रुबाबात म्हणाले, "Regresé!" आणि पळाले. परत येऊन बघते तर सगळा क्लास हसतोय. सर म्हणाले, "ताई, तुम्ही 'परत आले' म्हणालात आणि गायब झालात."

मग काय म्हणायचं? आपण 'आलेच' म्हणतो ना? चुलीपाशी असलो तरी म्हणतो, न्हाणीत असलो तरी म्हणतो. 'आलेच' म्हणजे अजून निघाले पण नाही. सर म्हणाले, स्पॅनिशमध्ये ती सोय नाही. आल्याशिवाय 'आले' म्हणता येत नाही.

मला ही भाषा जरा कडक वाटली. पण खोटी नाही वाटली.

आणखी एक गोम आहे. Regreso म्हणजे 'मी येते'. आणि regresó म्हणजे 'तो आला'. अक्षरं तीच, शेवटच्या o वर एक तिरकी काडी तेवढी जास्त. काडी असेल तर दुसरं माणूस आणि काम झालेलं. काडी नसेल तर मी स्वतः, आणि काम व्हायचंय. आफरा रोज ही काडी विसरते. रोज! मी लाल पेन आणलंय. चुकलं की गोल, बरोबर असलं की बाजूला खूण. तिला म्हटलं, एवढ्याशा काडीपायी तुझे अब्बा घरात येतात आणि घराबाहेर जातात, जरा नीट लिहीत जा.

सरांनी मला बाजूला सांगितलं की आफरा क्लासमध्ये सगळ्यांत हुशार आहे. भिडेखातर बोलले असतील. माझ्यासमोर तर पाचातले तीन चुकते, मी समजावलं की मग तिला येतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ह्यांचा फोन. शुक्रवारी नमाजनंतर करतात. मी विचारलं, कधी येताय? म्हणाले, "आलोच समज, बानू."

मला एकदम सरांचा चेहरा आठवला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज आफरानं अट घातली. भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हणाली, "अब्बा कायमचे घरी आले तरच मी करारावर सही करीन. तुला एकटीला टाकून मी जायची नाही."

मी म्हटलं, एकटी कशी? नीराबाई आहे. नीराबाई आमच्या वाडीत सुपारी गोळा करायला येते, दुपारचा चहा माझ्याकडेच घेते. ती तिथेच बसली होती. लगेच म्हणाली, "मी हाय, पन मी रातचं माज्या घरी जातंय. पोर बरोबर बोलतेय गो."

ह्यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, सांग तिला, डिसेंबरात कायमचा येतोय. आफरानं फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः विचारलं, "नक्की?" म्हणाले, "नक्की."

बाहेर बोलणार नाही, पण इथे लिहिते. मला ती जायला हवी आहे. दहावीनंतर मी म्हसळ्याच्या कॉलेजचा फॉर्म आणला होता. भरलाही होता. मग निकाह ठरला आणि तो फॉर्म कपाटात कागदाखाली राहिला, अजून असेल. हिचा फॉर्म कपाटात राहता कामा नये. आणि ती जाऊ नये असंही वाटतं, फार वाटतं. सकाळी ती केस विंचरत पुढच्या पडवीत उभी असते, तेव्हा तर जास्तच वाटतं. दोन्ही खरं आहे. काय करू?

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज दुसरा भूतकाळ. ह्या लोकांना एक भूतकाळ पुरत नाही. एकदाच झालं आणि संपलं, त्याला पहिला. पुन्हा पुन्हा होत असे, त्याला दुसरा. Regresaba.

आफराला कळेना. खरंच कळेना की सोंग करत होती, देव जाणे. मी म्हटलं, अगं सोपं आहे, मराठीत आहे की आपल्याकडे. आला, तो पहिला. यायचा, तो दुसरा. म्हणाली, उदाहरण दे.

माझ्या तोंडून भसकन निघालं, "तुझे अब्बा दर मे महिन्यात यायचे."

तिनं भाकरी उलटली नाही, मीही आठवण केली नाही. तव्यावरची भाकरी करपली.

यायचे. दर मे महिन्यात चाळीस दिवस. आंब्याचे दिवस असायचे. पहिले पाच दिवस पाहुण्यासारखे बसायचे, पाणी मागायला लाजायचे. मग हळूहळू आवाज मोठा व्हायचा, लुंगी खुंटीला लागायची, आणि माणूस घरातलं होईपर्यंत चाळीस दिवस संपायचे. गेली तीन वर्षं आलेच नाहीत. एकदा सुट्टी नाही, एकदा साहेब आजारी, एकदा काय ते मी विचारलं नाही.

मी कधी म्हटलं नव्हतं 'यायचे'. 'येतात' म्हणायचे. कोणी विचारलं की 'मे महिन्यात येतात' असंच सांगायचे, अजूनही. आज पुस्तक मांडीवर होतं म्हणून खरं बाहेर पडलं.

आफरानं तव्यावरची काळी भाकरी काढली आणि म्हणाली, "कळलं, अम्मी. बरोबर उदाहरण आहे."

मी आत जाऊन तोंड धुतलं.

९ नोव्हेंबर, रविवार

भविष्यकाळ! ह्यात मी तिच्यापेक्षा पुढे आहे. सगळे शेवट मला येतात. पण एक भानगड झाली.

Regresaré, मी येईन. मी आपोआप म्हणाले, इन्शाअल्ला. Regresarás, तू येशील, इन्शाअल्ला. Regresará, तो येईल, इन्शाअल्ला. सहाच्या सहा रूपांना लावलं. आता, पुढचं बोलायचं आणि अल्लाचं नाव घ्यायचं नाही म्हणजे काय? जीभच वळत नाही. आफरा हसून लोळली. म्हणाली, अम्मी, परीक्षेत माझं पण असंच निघेल. मी म्हटलं, निघू दे, मार्क कापतील तर कापतील.

एक छान गोष्ट राहिली लिहायची. Regresamos म्हणजे 'आम्ही येतो'. आणि 'आम्ही आलो' तेसुद्धा regresamos. 'आम्ही'ला आज आणि काल एकच. मी आणि हे मिळून 'आम्ही' म्हणावं असे दिवस मी बोटांवर मोजायला बसले आणि मग उठले, वाळत घातलेले कपडे आत आणायचे होते.

आजपासून ठरलं, आम्ही दोघी एकमेकींना मोबाईलवर फक्त स्पॅनिशमध्ये लिहायचं. सराव म्हणून. तिनं मला दाखवलं, o वर बोट दाबून धरलं की काडीवाला o वर येतो. मी काडी कधीच विसरत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

परीक्षा झाली. वाशीहून येऊन पाय पसरून बसली आहे, आणि मला सगळं दोनदा सांगून झालंय.

तोंडी परीक्षेला स्पेनची एक बाई होती, पडद्यावर. तिनं विचारलं, कामाची मुदत संपली की काय करशील? आफरा म्हणाली, "Regresaré, inshallah." ठणठणीत म्हणाली! बाई हसली. म्हणाली, आमच्याकडे त्यासाठी शब्द आहे, ojalá, ओखाला. तुमचा आणि आमचा एकाच घरचा आहे, अरब लोक आमच्याकडे ठेवून गेले. म्हणजे त्यांच्याही तोंडात अल्ला आहे आणि त्यांना पत्ता नाही! मला ती बाई एकदम आपली वाटली.

पण ojalá म्हटलं की पुढे साधा भविष्यकाळ चालत नाही म्हणे. क्रियापदाचं रूपच बदलतं. Ojalá regrese. येईल नाही, येतो नाही. यावा. आपल्याकडे 'यावा' आहे की. किती दिवस मी हेच म्हणतेय, आज त्याचं व्याकरण कळलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

पास! शंभरात अठ्ठ्याण्णव! माझ्यासमोर रोज काडी विसरणारी पोर अठ्ठ्याण्णव आणते, म्हणजे माझ्या लाल पेनानं काम केलं म्हणायचं. नीराबाईला पेढा दिला. तिनं विचारलं, "म्हंजे जानार?" मी म्हटलं, १८ तारखेला वाशीला सही आहे. सही केली की माघार नाही.

ह्यांना सांगितलं. खूश झाले. विमान १७ तारखेला पहाटेचं, दुपारपर्यंत घरी. आफरा १७ ला सकाळी वाशीला खालाकडे, माझ्या बहिणीकडे, जाणार, म्हणजे तिची आणि अब्बांची गाठ मध्येच चुकणार. म्हणाली, चालेल, मला फक्त कळव अब्बा आले की. मग मी सही करते.

आतली खोली झाडली. त्यांची खुंटी रिकामी केली, माझ्या ओढण्या लटकत होत्या तिथे. चांगला तांदूळ दळून आणलाय. सांदणं करीन, त्यांना गूळ घातलेली आवडतात. आवडायची नाही. आवडतात.

१७ डिसेंबर, बुधवार

आफरा सकाळच्या यष्टीनं गेली. 'येते' म्हणाली.

सांदणं उकडायला ठेवली. दुपारी दोनपर्यंत मी चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आले. नीराबाईनं एकदाही टोकलं नाही, त्यावरूनच मला समजायला हवं होतं. तीनला फोन वाजला. नंबर कुवेतचा.

ते आलेच नाहीत. विमानात बसलेच नाहीत.

कंपनीनं आणखी दोन वर्षं विचारली, त्यांनी सही केली. दहा दिवस झाले सही करून. दहा दिवस मला 'आलोच' म्हणत होते. मी ओरडले. एवढ्या वर्षांत अशी कधी ओरडले नव्हते. म्हटलं, तुमच्या जिवावर पोर आपला जीव टांगून वाशीला बसलीय!

त्यांनी मला ओरडू दिलं. मग म्हणाले, "बानू, मी तिथे येऊन करू काय? मला घरात कुठला डबा कुठे असतो ते माहीत नाही. तुम्ही दोघी हसता ते मला कळत नाही. इथे निदान माझी खाट कुठली ते ठाऊक आहे." आणि मग म्हणाले, "आफराला तूच सांग. माझ्याच्यानं सांगवणार नाही."

रागानं मला हातातला फोन आपटावासा वाटला आणि त्याच वेळी त्यांना हाताला धरून सगळे डबे दाखवावेसे वाटले. हा मिठाचा, हा साखरेचा, हा रव्याचा. किती वेळ लागला असता? एक दुपार. या ना हो. एक दुपार या.

सांदणं नीराबाईला दिली.

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी अकराला मोबाईल वाजला. आफरा. ठरल्याप्रमाणे स्पॅनिशमध्ये.

¿Regresó papá?

अब्बा आले का? काडी दिली होती तिनं, अगदी जागेवर.

मी खुर्ची ओढून बसले. 'No' लिहिलं असतं तर पोर बॅग उचलून घरी आली असती, आणि तिचा कागद माझ्या फॉर्मशेजारी कपाटात गेला असता. Regresó लिहिलं तर खोटं. साफ खोटं, आणि तेही लेकीशी. ह्या भाषेत आल्याशिवाय 'आले' म्हणता येत नाही, हे मला सरांनी स्वतः शिकवलंय. मराठीत असतं तर मी सरळ 'आलेच' म्हटलं असतं, सगळं निभावलं असतं.

मग एक सुचलं. मी लिहिलं:

Papá regreso.

काडी दिली नाही. आता ह्याचा अर्थ बघा. अब्बा, मी येते. अब्बा मी येते म्हणजे काय? काहीच नाही. ज्या वाक्याला अर्थच नाही ते खोटं कसं असेल? अल्लाच्या दारात विचारलं तर सांगेन, मी खोटं लिहिलं नाही, चुकीचं लिहिलं.

पाठवलं.

समोर दोन निळ्या खुणा झाल्या. ती लिहितेय असं दिसायला लागलं. मग थांबलं. पुन्हा लिहितेय. पुन्हा थांबलं. असं पाच-सहा वेळा झालं. मला वाटलं नेट बरोबर नाही वाशीला. मग एक शब्द आला.

Firmo.

हे क्रियापद आम्ही घेतलंच नव्हतं. पण सरळ होतं, शेवट ओळखीचा होता. पुस्तकात बघितलं. 'मी सही करते.'

तिला कळलं नाही. घाईत काडी बघितली नसेल, तिला सवयच आहे. अल्हम्दुलिल्लाह. मी पुस्तक मिटलं आणि मोठ्यानं रडले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दिवसभर धाकधूक होती. घरात पाऊल टाकेल, विचारेल अब्बा कुठेत, आणि मग माझी धडगत नाही. काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं.

आली चारच्या सुमाराला. दारातल्या चपलांकडे बघितलं नाही. आतल्या खोलीकडे बघितलं नाही. बॅग ठेवली, हात-पाय धुतले, स्वयंपाकघरात गेली आणि दोन ताटं घेतली. दोनच.

मी म्हटलं, "आफरा, तुझे अब्बा..."

"अम्मी, भूक लागलीय गं," म्हणाली. "वाढ ना."

कोलंबीचं कालवण होतं. एवढं मन लावून जेवली, माझ्याकडे बघून बघून. शेवटी मीच सगळं सांगितलं, दोन वर्षांचं, सहीचं. ती ऐकत राहिली. रागावली नाही, एक शब्द नाही. प्रवासानं दमली असेल. नाहीतर सही करून बसल्यावर बोलून काय उपयोग, असं वाटलं असेल. मग मला जवळ घेऊन इतकंच म्हणाली, "सर म्हणतात, काडीच्या बाबतीत अख्ख्या क्लासमध्ये तुझा हात कोणी धरणार नाही."

मी म्हटलं, ते खरं आहे.

४ जानेवारी, रविवार

ह्यांचा फोन, शुक्रवार नसताना. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाले, दोन वर्षं काय, चुटकीसरशी जातील, आलोच समज.

मी म्हटलं, "आलोच नाही. येईन म्हणा. आणि पुढे इन्शाअल्ला लावा."

त्यांनी घसा खाकरला. मग हळूच म्हणाले, "येईन. इन्शाअल्ला."

"बरोबर," मी म्हटलं. आणि मग त्यांना सांगितलं, मीठ डावीकडच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या डब्यात आहे. साखर त्याच्या शेजारी. ते म्हणाले, थांब, लिहून घेतो.

Ojalá regrese. यावा माझा माणूस. ह्याला काळ नाही असं सर म्हणतात, ही नुसती इच्छा. मला ठाऊक आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

आफरा गेली.

विमानतळावर मी गेले नाही. एकवीस वर्षं तिथे काचेच्या अलीकडून हात हलवला, पलीकडच्या माणसाला दिसला की नाही देव जाणे. ह्या वेळी म्हटलं, निरोप आपल्या उंबऱ्यावर. सकाळी दहाला तिचा मामा गाडी घेऊन आला. रमजानला आठ दिवस राहिलेत, तरी पोर थांबू शकत नाही. मी तिच्या बॅगेत भाजलेला मसाला दिलाय, तांदळाचं पीठ दिलंय, आणि माझं लाल पेन देणार होते पण ते राहू दिलं.

उंबऱ्यात आली. मला मिठी मारली. इतकी घट्ट की माझा चष्मा वाकडा झाला. मग सोडलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि वळून सरळ गाडीत जाऊन बसली. गाडी सुरू झाली, वळणावरून गेलीसुद्धा.

नीराबाई माझ्या बाजूला उभी होती. म्हणाली, "येते म्हनली न्हाय गो पोर."

मी ऐकलं होतं. म्हणजे ऐकलं नव्हतंच. तिला हाक मारायला हवी होती, परत आणून पाणी प्यायला लावून पुन्हा पाठवायला हवी होती, पण तोवर गाडी वळणापलीकडे होती. नीराबाईला म्हटलं, गडबडीत राहिलं असेल. ती म्हणाली, "व्हय, व्हय." दोघींनीही ते मानलं नाही.

दिवस गेला नाही, मी ढकलला. भाकऱ्या थापल्या, दोघींच्या थापल्या, सवयीनं. पुस्तक उघडलं, पहिलंच पान, regreso, regresas, regresa. मोठ्यानं म्हटलं. समोर कोणी चुकायला नव्हतं. तेव्हा कुठे डोक्यात आलं की अठ्ठ्याण्णव मार्कांची पोर माझ्यासमोर दोन महिने रोज तीच एक काडी कशी काय विसरायची. आणि मग १८ डिसेंबर आठवला. ती लिहीत होती आणि थांबत होती, लिहीत होती आणि थांबत होती. वाशीला नेट चांगलंच असतं.

असरची, तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली आणि मोबाईल वाजला. विमानतळावरून. एकच शब्द.

Regreso.

मी चष्मा सरळ केला. पडद्यावर बोटांनी अक्षर मोठं करून बघितलं. शेवटच्या o वर काडी नव्हती. वही उघडली, शब्द खाली उतरवून घेतला आणि लाल पेनानं बाजूला बरोबरची खूण केली.